ताके आधी, लूम नंतर : जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर जाताना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. त्या दिवशी जुने कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, ते आजही चालतात. पण नवे व्हायरस आणि नव्या पळवाटा यांच्यापासून त्यांना मिळणारे संरक्षण मात्र थांबले. घरगुती वापरासाठी मुदतवाढ घेतली असली, तरी तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. विंडोज 11 टाकू म्हटले, तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या छोट्या ऑफिसांत आणि कारखान्यांच्या माळ्यावर याहून जुने कॉम्प्युटर भरपूर आहेत. म्हणजे नवे मशीन घेणे आले, आणि जुन्यातले सगळे नव्यात नेणेही आले.

खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून, सुरतेत आलेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी बहुतांशी लूमवर आणि मिलमध्ये राबली. पुढच्या पिढीतली पुष्कळ मुले हिशेब लिहितात, एम्ब्रॉयडरीचे जॉबवर्क करतात, पंचिंग करतात, पत्रिका आणि बिलबुके छापतात. त्यांचा धंदा आता त्या एका डब्यात असतो. पार्टीची उधारी, दहा वर्षांची डिझाईने, जीएसटीचे रिटर्न, मुलांचे फोटो, सगळे तिथेच. हा लेख त्यांच्यासाठी आहे. काम अवघड नाही, पण ते क्रमाने करावे लागते. क्रम चुकला की नुकसान होते, आणि असे नुकसान पैसे देऊनही भरून येत नाही.

लूम आणि ताके

कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात : प्रोग्राम आणि फाइली. कारखाना हलवताना लूम आणि विणलेले ताके यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. ताके टेम्पोत टाकले की कुठेही नेता येतात. लूमचे तसे नाही. त्याचे बोल्ट सोडावे लागतात, नव्या जागी पाया धरावा लागतो, मोटरचे कनेक्शन द्यावे लागते, मग तो चालतो.

फाइल ही अशी ताक्यासारखी सुटी असते. एक्सेलची शीट, फोटो, डिझाईन, पीडीएफ यांची कॉपी केली की काम झाले. प्रोग्राम मात्र बसवतानाच कॉम्प्युटरभर पसरतो. त्याचा मोठा भाग ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जातो. काही भाग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, काही ‘प्रोग्रामडेटा’ आणि ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरांमध्ये जातो. शिवाय विंडोजच्या रजिस्ट्रीत त्याच्या शेकडो नोंदी होतात. त्यामुळे प्रोग्रामचे फोल्डर उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवले, तर बहुतेक वेळा तो उघडतच नाही. उघडला तरी लायसन्स मागतो किंवा मध्येच अडतो.

तेव्हा प्रोग्राम नव्याने बसवायचे आणि फाइली कॉपी करायच्या, हा पाया. त्याहून महत्त्वाचा नियम यातूनच निघतो : जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही, ते सगळ्यात आधी हलवायचे. टॅलीचा सेटअप कंपनीच्या वेबसाइटवर आज आहे, उद्याही असेल. तुमच्या पार्टीच्या खात्यातली मागच्या तीन वर्षांची येणी-देणी मात्र जगात फक्त तुमच्या हार्ड डिस्कवर आहेत. लोक नेमके उलटे करतात. नवा कॉम्प्युटर आला की दिवसभर त्यावर प्रोग्राम बसवत राहतात, आणि जुन्याची कुरकुरणारी डिस्क ‘उद्या बघू’ म्हणून तशीच राहते.

आधी कागदावर यादी

जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून एक कोरा कागद घ्यावा आणि चार रकाने पाडावेत : प्रोग्रामचे नाव, त्याचा डेटा कुठे आहे, लायसन्स कशाने चालते आणि पासवर्ड कोणाकडे आहे. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडले की बसवलेल्या सर्व प्रोग्रामांची यादी दिसते. त्यातले रोज वापरातले पाच-सात निघतील. बाकीचे सोडून दिले तरी चालतात.

दुसरा रकाना भरताना लक्ष द्यावे. डेटा नेहमी ‘डॉक्युमेंट्स’मध्येच असतो असे नाही. पुष्कळ ऑफिसांत डी ड्राइव्हवर स्वतःचे फोल्डर केलेले असते. डेस्कटॉपवर दिसणारे चिन्ह बहुधा शॉर्टकट असतो, म्हणजे नुसती पाटी, माल दुसरीकडे. चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की खरा पत्ता कळतो. शॉर्टकट कॉपी करून ‘डिझाईने घेतली’ असे समजणे ही नेहमी होणारी चूक आहे.

नेहमी घ्यायच्या जागा अशा : सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मध्ये आपल्या नावाचे फोल्डर असते. त्यातली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज ही फोल्डरे घ्यावीत. डाउनलोड्स हा उकिरडा समजून सोडू नये, बँकेची स्टेटमेंट आणि जीएसटीच्या पावत्या तिथेच पडलेल्या असतात. डी, ई असे दुसरे ड्राइव्ह असतील, तर ते पूर्ण घ्यावेत. सी ड्राइव्हच्या मुळाशी कोणी हाताने केलेले फोल्डर असेल, तर तेही घ्यावे. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स ही दोन फोल्डरे मात्र नव्या मशीनवर नेऊ नयेत. त्यातल्या एखाद्या फोल्डरमध्ये प्रोग्रामचा डेटा साठलेला असेल, तर तेवढाच उचलावा.

वनड्राइव्ह चालू असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. फाइलीपुढे ढगाचे चिन्ह असेल, तर ती फाइल कॉम्प्युटरवर नसून इंटरनेटवर आहे. अशा फाइलींच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून त्या कायम या मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडावा, सगळे उतरू द्यावे आणि मगच कॉपी करावी.

कॉपी करण्याची रीत

यासाठी बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी वापरावी. पेन ड्राइव्ह थोड्या फाइलींसाठी ठीक, पण सगळ्या धंद्याचा भार त्याच्यावर टाकू नये. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. साडीच्या डिजिटल प्रिंटची मोठी टिफ फाइल किंवा लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो, आणि जागा शिल्लक असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेल्या डिस्कवर ही अडचण येत नाही.

वेळेचा अंदाज आधी बांधावा. यूएसबी 2.0 च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला 30 ते 35 एमबी इतकाच वेग मिळतो, म्हणजे 500 जीबीला चार तासांहून अधिक. यूएसबी 3.0 चे पोर्ट, जे बहुधा आतून निळे असते, वापरले आणि डिस्कने सेकंदाला 100 एमबीचा वेग धरला, तर तेच काम दीड तासाच्या आत होते. फाइली बारीक आणि हजारोंनी असतील, तर वेळ यापेक्षा बराच वाढतो. घाईच्या दुपारी हे काम काढू नये. संध्याकाळी लावून द्यावे, आणि कॉम्प्युटर मध्ये झोपी जाणार नाही अशी पॉवरची सेटिंग करावी.

‘कॉपी’ करावी, ‘कट’ कधीही नाही. कट केलेली फाइल जुन्या जागेवरून निघते. वीज गेली किंवा केबल हलली, तर ती कुठे राहिली हे शोधत बसावे लागते. कॉपीत जुनी प्रत जागेवर शाबूत राहते. फोल्डरे मोठी असतील, तर विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा उपयोगी पडते. मध्ये खंड पडला, तर तीच पुन्हा चालवावी; आधी गेलेल्या फाइली सोडून ती उरलेल्या नेते आणि शेवटी किती गेल्या, किती राहिल्या याचा हिशेब दाखवते.

कॉपी संपल्यावर पडताळणी करावी, ती टाळू नये. जुन्या आणि नव्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ शेजारी शेजारी उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवावा. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा वेगळा येतो, त्याने घाबरू नये. मग प्रत्येक फोल्डरमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अलीकडची अशी एकेक फाइल उघडून पाहावी. नव्या मशीनवर उघडण्याआधी बाहेरची डिस्क अँटिव्हायरसने तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे दुकानोदुकानी फिरलेल्या पेन ड्राइव्हमधून आलेले व्हायरस जुन्या फोल्डरांत दबा धरून असतात.

जुना कॉम्प्युटर चालूच होत नसेल, तरी आशा सोडू नये. पुष्कळदा बिघाड पॉवर सप्लायमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये असतो, डिस्क धडधाकट असते. ती काढून साटा ते यूएसबी ॲडॉप्टरने नव्या मशीनला जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र विजेसाठी वेगळा पॉवर ॲडॉप्टर लागतो. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर 48 आकडी रिकव्हरी की द्यावी लागते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. दर वेळी नुकसान वाढते. तेव्हा डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच जावे.

टॅली : लायसन्स सोडवा, मग डेटा न्या

सुरतेच्या कापड बाजारात हिशेब म्हटला की बहुतेकांचा टॅलीच. त्यामुळे हे स्थलांतर जरा जवळून पाहू.

टॅलीत प्रोग्राम, लायसन्स आणि डेटा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीचे सिंगल युजर लायसन्स एका कॉम्प्युटरला बांधलेले असते. ते जुन्यावरून ‘सरेंडर’ करावे लागते, मगच नव्यावर चालू होते. टॅलीप्राइममध्ये ‘हेल्प’खालच्या सेटिंग्जमध्ये लायसन्सचा भाग आहे, तिथे हा पर्याय मिळतो. दोन्ही वेळा इंटरनेट लागते. सीरियल नंबर, नोंदवलेला ई-मेल आणि त्याचा पासवर्डही लागतो. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. लायसन्स घेताना ई-मेल त्या वेळच्या मुनिमाचा किंवा विक्रेत्याचा दिलेला असतो, आणि तो माणूस आता कुठे असेल ते कोणाला ठाऊक नसते. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू असतानाच तो ई-मेल तपासून मालकाच्या नावाचा करून घ्यावा.

डेटा कुठे आहे, हे टॅली स्वतःच सांगतो. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो. टॅली ईआरपी 9 मध्ये त्या ठिकाणी 10000, 10001 अशा आकड्यांच्या नावाची फोल्डरे असतात. एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. आत 900 या शेपटाच्या फाइली असतात. एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइली मिळून ती कंपनी बनते, त्यामुळे त्यातली एखादीच फाइल नेऊन काही उपयोग नाही. कॉपी करताना टॅली सगळ्या टेबलांवर बंद असावा. नेटवर्कमध्ये कोणी बिल टाकत असताना केलेली कॉपी अर्धवट येऊ शकते. फोल्डर कॉपी करावेच, शिवाय टॅलीच्या आतून ‘बॅकअप’ही घ्यावा. दोन वाटा असल्या की एक बंद पडली तरी दुसरी उघडी राहते.

ईआरपी 9 वरून टॅलीप्राइमवर जात असाल, तर डेटा नव्या रूपात बदलावा लागतो, आणि एकदा बदललेला डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही. म्हणून बदल नेहमी प्रतीवर करावा, मूळ फोल्डर तसेच बाजूला ठेवावे. बिलात ताका नंबर, मीटर, दलालाचे नाव असे खास रकाने असतील, तर त्यासाठी वेगळी टीडीएल फाइल बसवलेली असते. तीही घ्यावी, नाहीतर बिल साधे छापून येईल.

नव्या मशीनवर कंपनी उघडल्यावर ट्रायल बॅलन्स, रोख शिल्लक, बँकेची शिल्लक, शेवटचा बिल नंबर, आणि मोठ्या चार पार्ट्यांची खाती दोन्ही पडद्यांवर पाहून जुळवावीत. पै न पै जुळली, तरच पुढे जावे. जुनी वर्षेही न्यावीत. जीएसटी कायद्याप्रमाणे वह्या आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायच्या असतात. म्हणजे आज बंद पडलेली कंपनीही काही वर्षे लागू शकते.

पंचिंगची डिझाईने

एम्ब्रॉयडरीच्या कामात दोन तऱ्हेच्या फाइली असतात, आणि त्यांतला फरक कळला की काय जपायचे ते आपोआप समजते.

मशीनवर जाते ती डीएसटी फाइल. तिच्यात सुईने कुठून कुठे जायचे एवढेच लिहिलेले असते, एकामागून एक टाके. सुरुवातीला 512 बाइटची ओळख, मग दर टाक्याला 3 बाइट. म्हणजे एक लाख टाक्यांचे डिझाईन सुमारे 300 केबी, एखाद्या छोट्या फोटोएवढे. अंतर दशांश मिलिमीटरमध्ये मोजलेले असते आणि एका नोंदीत जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटर जाता येते. तिच्यात रंग नसतात, फक्त ‘इथे थांबून दोरा बदला’ एवढी खूण असते. कोणता दोरा कुठे, हे कागदावरच्या चार्टवर किंवा कारागिराच्या डोक्यात असते. म्हणून डीएसटीसोबत रंगाचा चार्ट, डिझाईनचा फोटो किंवा स्क्रीनशॉट जोडून ठेवणे हे डिझाईनच जपणे आहे.

दुसरी फाइल पंचिंग सॉफ्टवेअरची स्वतःची असते. विल्कॉममध्ये ती ईएमबी. तिच्यात पाकळीचा आकार, भरणीची घनता, खालचा आधार टाका असे मूळ काम असते. पार्टीने ‘हेच डिझाईन दुपट्ट्यासाठी लहान करून द्या’ म्हटले, तर ईएमबीवरून सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजते. डीएसटी लहान केली, तर टाके एकमेकांवर दाटतात आणि दोरा तुटतो. म्हणजे डीएसटी हा तयार माल आणि ईएमबी हे कसब. दोन्ही घ्याव्यात, पण ईएमबीच्या तीन प्रती असाव्यात.

बऱ्याच मशीनवर लांब नावे चालत नसल्याने फाइलींना 1047 अशी आकड्यांची नावे देतात. नुसत्या आकड्यावरून पार्टी कळत नाही, ती फोल्डरच्या नावावरून कळते. म्हणून नेताना फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी ठेवावी. ‘नव्या कॉम्प्युटरवर नीट लावतो’ हे काम नंतर, सगळे सुखरूप पोचल्यावर. फाइल शेवटची कधी बदलली, ती तारीख साध्या कॉपीतही टिकते, त्यामुळे तारखेवरून शोधायची सवय असेल तर ती मोडत नाही.

या सॉफ्टवेअरचे लायसन्स पुष्कळदा यूएसबी डोंगलवर असते. डोंगल काढून नव्या मशीनला लावला की लायसन्स नव्यावर आले, पण आधी नव्या विंडोजसाठीचा त्याचा ड्रायव्हर बसवावा लागतो. डोंगल हरवला, तर सॉफ्टवेअर गेल्यातच जमा. तो पेन ड्राइव्हसारखा टेबलावर पडू देऊ नये. डोंगलची नक्कल करून चालवलेले किंवा लायसन्स मोडून टाकलेले सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बहुधा टिकत नाही, आणि त्याच्यासोबत व्हायरसही येतात. मशीन बदलताना हा हिशेब एकदा सरळ करून घ्यावा, असे मी कळकळीने सांगेन.

जुने खास प्रोग्राम आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर

काही ठिकाणी 1990 च्या दशकात ओळखीच्या प्रोग्रामरने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला जॉबवर्कचा प्रोग्राम अजून चालतो : किती ग्रे आला, किती तयार गेला, घट किती. डॉसवरचे असे प्रोग्राम 16 बिटचे असतात. विंडोज 11 फक्त 64 बिटचे मिळते, आणि 64 बिटचे विंडोज 16 बिटचा प्रोग्राम चालवत नाही. यावर तीन मार्ग आहेत. पहिला, डॉसबॉक्स-एक्स हा मोफत प्रोग्राम बसवून त्याच्या आत जुना प्रोग्राम चालवावा. त्यात छपाईचीही सोय आहे. दुसरा, डेटा बाहेर काढावा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडतात, त्यामुळे प्रोग्राम मेला तरी नोंदी मरत नाहीत. तिसरा, जुने मशीन इंटरनेट काढून फक्त पाहण्यासाठी ठेवावे. असे प्रोग्राम बहुधा एकाच फोल्डरमध्ये राहतात आणि रजिस्ट्रीला हात लावत नाहीत. त्यामुळे इथे मात्र पूर्ण फोल्डरची कॉपी केलेली चालते.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कार्बनच्या चलनांसाठी अजून लागतोच. त्याची जुनी जाड 25 पिनांची केबल नव्या लॅपटॉपला बसत नाही. प्रिंटरला यूएसबीची जागा आहे का ते आधी पाहावे. नसेल, तर यूएसबी ते पॅरलल केबल मिळते. नवे मशीन घेण्याआधी प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि एम्ब्रॉयडरी मशीनचे कनेक्शन हे तिन्ही विचारात घ्यावेत.

मराठीचे फाँट

सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, मंडळे आहेत, पत्रिका छापणारे आहेत. त्यांच्याकडे श्रीलिपी, आयएसएम अशा पद्धतींनी टाइप केलेला मजकूर वर्षानुवर्षांचा साठलेला असतो. नव्या कॉम्प्युटरवर अशी फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या जुन्या पद्धतींत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. तो फाँट नसला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते.

उपाय तीन. लायसन्स असलेले मूळ सॉफ्टवेअर नव्यावर बसवून फाँट आणावेत. महत्त्वाच्या फाइलींची जुन्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ करून घ्यावी, ती कुठेही जशीच्या तशी दिसते. आणि पुढे वापरायचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे हा मजकूर फोनवर, ई-मेलमध्ये, सगळीकडे वाचता येतो. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून मात्र घालावा. रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतात.

मेल, पासवर्ड आणि डिजिटल सही

जीमेल ब्राउझरमध्ये पाहत असाल, तर नेण्यासारखे काही नाही. आउटलुकमध्ये पॉप पद्धतीने मेल येत असतील, तर जुने मेल फक्त त्या कॉम्प्युटरवरच असण्याची शक्यता मोठी. ते पीएसटी फाइलीत असतात, ती आउटलुक बंद करून घ्यावी. ओएसटी फाइल ही सर्व्हरची तात्पुरती प्रत असते, ती न्यायची गरज नाही.

ब्राउझरमधले पासवर्ड खात्यात साइन इन करून सिंक केले की नव्यावर येतात. फाइलीत काढले, तर ती फाइल उघड्या अक्षरांतली असते. काम झाले की लगेच पुसावी, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नये. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि बँक यांत नव्या ब्राउझरमधून स्वतः एकेकदा शिरून पाहावे.

डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिची गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर येत नाही. म्हणून कॉपी करायचे काही नसते. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलचे सही करण्याचे साधन नव्यावर बसवले की झाले.

ऑफिसचे लायसन्सही पाहून घ्यावे. जुन्या लॅपटॉपसोबत आलेली प्रत बहुधा त्या लॅपटॉपपुरतीच असते. वेगळे विकत घेतलेले किंवा वर्गणीचे असेल, तर खात्यात साइन इन करून नव्यावर वापरता येते.

दिवस कोणता निवडावा

मासिक रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची तारीख 11 आणि जीएसटीआर-3बी ची 20. या तारखांच्या आसपास मशीन बदलू नये. मार्चअखेर तर नाहीच. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत बाजार बंद असतो, ते दिवस यासाठी उत्तम. इतर वेळी 20 तारीख उलटल्यावरचा शनिवार-रविवार घ्यावा.

नव्यावर काम सुरू झाल्यावर जुने मशीन निदान एक महिना तसेच ठेवावे, म्हणजे रिटर्नचा एक पूर्ण फेरा नव्यावर होतो आणि काय विसरले ते कळते. या काळात नवी बिले फक्त नव्यावरच करावीत. दोन्हीकडे नोंदी झाल्या, तर दोन हिशेब तयार होतात, आणि ते जुळवणे हे स्थलांतराहून कठीण.

नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप बिटलॉकरच्या कुलपात जाते. तिची रिकव्हरी की कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून लिहून ठेवावी. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वनड्राइव्हवर जाऊ लागतात. तिथली मोफत जागा 5 जीबीच, म्हणून ती सेटिंगही तपासावी.

जुन्याची विल्हेवाट आणि पुढचा बॅकअप

जुने मशीन भंगारात किंवा सेकंडहँडमध्ये देण्याआधी डिस्क पुसावी. फाइली डिलीट केल्या किंवा क्विक फॉरमॅट मारला, तरी माहिती साध्या साधनांनी परत काढता येते. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये सर्व काढून ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय आहे, तो निवडावा; वेळ लागतो, लागू द्यावा. मशीन मोडीतच काढायचे असेल, तर नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

आता पुढच्या बॅकअपचे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. फेब्रुवारी 2025 मध्ये रिंग रोडवरच्या शिवशक्ती टेक्स्टाईल मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्याच कपाटातली बॅकअप डिस्क एकदमच जातात. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी : दुकानातली घरी, घरातली गावी भावाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. स्थलांतरासाठी घेतलेली बाहेरची डिस्क यासाठी आयतीच तयार आहे. तिच्यावर तारीख लिहावी, दर आठवड्याला ती जोडून नवी प्रत घ्यावी आणि काम झाले की काढून ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यावरची टॅलीची कंपनी रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून पाहावी, आणि एखादे डिझाईन उघडून पाहावे. उघडले, तरच त्याला बॅकअप म्हणावे.